नवा कोनसेट टाकूनही हँडलला परत परत 'टक' येतोय? आधी कप नीट बसलाय का ते बघा

गाडी घरी खोलली, फ्रेमला रंग करून आणला, सगळं परत जोडलं, नवा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते कप, कोन आणि छर्रे) टाकला, हँडल लोण्यासारखं फिरायला लागलं आणि दोन-तीनशे किलोमीटर झाले नाहीत तोवर पुढचा ब्रेक दाबला की हातात 'टक'. वरचा नट जरा आवळला की आठवडाभर बरं, परत टक. हे ज्यांच्या गाडीला होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मी स्वतः यात पाच महिने घालवलेत, तीन कोनसेट बदललेत आणि शेवटी कळलं की दोष कोनसेटचा नव्हताच.

गाडी बाबांची, यामाहा आरएक्स १००, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग. ही गाडी आपल्याकडं १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, म्हणजे आज रस्त्यावर जी कुठली दिसते ती तीस वर्षांच्या आसपासची किंवा जास्तच, आणि आमच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात एवढे पावसाळे खाल्लेली फ्रेम म्हटल्यावर बॅटरीच्या खाली गंज, मागचं चाक धरणार्‍या चिमट्याच्या आसपास गंज, सीटखाली पापुद्रे निघालेले. म्हणून पूर्ण खोलून फ्रेमला पावडर कोटिंग करायचं ठरवलं. कोटिंग एका ठिकाणी करून घेतलं, काम दिसायला एकदम झकास, फ्रेम आणली आणि घरच्या सोप्यात पोतं अंथरून जोडायला बसलो. चूक तिथंच झाली, फक्त ती कळायला पाच महिने लागले.

आधी थोडक्यात सांगतो आत काय असतं. फ्रेमच्या पुढं जे आखूड नळकांडं आहे त्याच्या वरच्या आणि खालच्या तोंडात एकेक कप घट्ट ठोकून बसवलेला असतो. त्यातनं टी चा, म्हणजे पुढचे दोन्ही शॉकअप खाली धरणार्‍या जोडाचा, दांडा जातो, टी वर खालचा कोन, दांड्याच्या वरच्या टोकाला वरचा कोन, आणि कप-कोनच्या मधे छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या. सगळा पुढचा भार, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका हा त्या छर्‍यांवरनं कपवर आणि कपवरनं फ्रेमवर जातो. म्हणजे कप फ्रेमच्या लोखंडावर टेकलेला पाहिजे, लोखंडाला लोखंड. माझ्याकडं मधे रंग होता.

पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन असतो, म्हणजे ०.०६ ते ०.१ मिलिमीटर, आणि १८० ते २०० डिग्रीच्या भट्टीत भाजून तो कडक होतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण नळकांड्याच्या तोंडाला कोटिंगच्या वेळी झाकण लावलं नाही तर तो थर आत कपच्या जागेवरही बसतो आणि कप ठोकताना त्याची कड तो रंग तासत तासत खाली नेते आणि सगळा चुरा बुडाशी दाबून ठेवतो. त्या क्षणी कप घट्ट बसल्यासारखाच वाटतो. पण तो बसलाय प्लास्टिकवर. मग रस्त्यावर दणके बसायला लागले की तो थर हळूहळू चेपतो, कप केसभर आत सरकतो, हँडलला प्ले, म्हणजे सैलपणा येतो. तुम्ही नट आवळता, प्ले जातो, परत थोडं चेपतं, परत प्ले. बाहेरनं बघणार्‍याला वाटतं कोनसेट हलका निघाला. मलाही तेच वाटलं, म्हणून दुसरा आणला, मग त्याच्यापेक्षा महाग तिसरा आणला.

खरं तर एक खूण पहिल्या दिवसापासनं होती. हँडल सरळ असताना बरोबर ॲडजस्ट केलं की उजवीकडं पूर्ण वळवल्यावर जड व्हायचं, आणि तिथं मोकळं केलं की सरळ असताना ढिलं. कुठल्याच सेटिंगला दोन्हीकडं सारखं येत नव्हतं. जुन्या झिजलेल्या कोनसेटमधेही असं होतं, पण तिथं सरळ रेषेत हँडल एका खाचेत पडल्यासारखं बसतं, कारण छर्‍यांनी तिथं खड्डे पाडलेले असतात. खाच नाही, सेट नवा आहे आणि तरी एकीकडं जड एकीकडं ढिलं, म्हणजे कप तिरका आहे असं धरून चाला.

शेवटी फ्रेम आणि टी घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत एका ओळखीच्या टर्नर मामांकडं गेलो, म्हातारा माणूस, उभा जन्म लेथवर गेलेला. त्यांनी काही न विचारता कपमधे बोट फिरवलं, मग व्हर्नियरचा मागचा काटा कपच्या तळाला लावून नळीच्या कडेपर्यंत चार ठिकाणी खोली मोजली. डाव्या बाजूला कप ०.३ मिमी वर होता. "अगा, कप बसलाच नाही की हा, तू नुसते छर्रे बदलत बसलायस," एवढंच बोलले. पंच घेऊन उलट्या बाजूनं आळीपाळीनं ठोकून कप काढला तर बुडाला काळ्या रंगाची एक चकती चिकटलेली, नखानं सोलली तर प्लास्टिकच्या कागदासारखी अख्खी निघाली, एका बाजूला जाड आणि दुसर्‍या बाजूला जवळजवळ नाहीच. ती चकती मी अजून डबीत ठेवलीय.

आता हे घरी कसं तपासायचं ते सांगतो. गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा द्या किंवा कुणाला तरी मागं बसवा म्हणजे पुढचं चाक अधर होईल, सायलेन्सरवर वजन येऊ देऊ नका. मग खाली बसून दोन्ही शॉकअपची बुडं धरून पुढं-मागं हलवा, आणि त्याच वेळी दुसर्‍या माणसानं अंगठा खालच्या कपच्या सांध्यावर ठेवायचा. अंगठ्याखाली हालचाल लागली तर खेळ हँडलच्या नळीतच आहे. तिथं काही नाही पण शॉकअपच्या रबराजवळ पाइप आत हलतोय असं वाटलं तर शॉकअपचं बुश किंवा खालचा नळा झिजलाय, तिथं कोनसेट कितीही आवळा, आवाज जाणार नाही. आणि दोन्हीकडं काही नाही तरी ब्रेकला टक येतो, तर मडगार्डचे बोल्ट, हेडलाइटचे कान, एक्सल आणि ब्रेक प्लेट बघा.

ब्रेक प्लेटचं मात्र जरा थांबून वाचा. पुढं ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत ब्रेक प्लेटला एक खाच असते आणि शॉकअपच्या नळ्यावर एक दांडी बाहेर आलेली असते, ती दांडी त्या खाचेत बसलीच पाहिजे. ब्रेकचा सगळा जोर तीच अडवते. चाक घाईत लावलं आणि ती खाचेबाहेर राहिली तर ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळते आणि चाक लॉक होतं. चाक लावलं की प्रत्येक वेळी खाली वाकून डोळ्यांनी बघा आणि प्लेट हातानं फिरवून बघा.

बरं, कपवर येऊ. दोन्ही कप काढा. नळीच्या आतला रंग खरवडून काढायचा, बोथट पात्यानं आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं, सगळं हातानं. ग्राइंडर किंवा ड्रिलला लावलेला दगड अजिबात घालू नका, कारण ती जागा कपसाठी मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, लोखंड थोडं जरी गेलं तरी कप सैल होतो आणि मग ते दुखणं कायमचं. पावडर कोटिंग साध्या थिनरनं विरघळत नाही, त्यामुळं थिनर ओतून वाट बघत बसू नका, खरवडायलाच लागतं. कप टेकतो ती पायरी आणि तिचा कोपरा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करा, बॅटरी मारून दोन्ही तोंडांनी बघा, शेवटी फडक्यानं पुसा.

कप हातानंच आत पडत असेल, म्हणजे जागा आधीच मोठी झाली असेल, तर काही जण नळीच्या आत पंचनं ठिपके मारून कप घट्ट करतात. मला ते पटत नाही. चार टोकांवर टेकलेला कप महिनाभर घट्ट राहतो आणि परत हलतो, शिवाय जागा गोल राहत नाही. त्यापेक्षा फ्रेम टर्नरकडं नेऊन जागा गोल करून बुश मारून घेतलेलं चांगलं. छर्‍यांऐवजी निमुळते रोलर असलेला टेपर रोलर बेअरिंगचा सेट टाकला की सगळं सुटतं असंही बरेच जण सांगतात. ते बेअरिंग चांगलंच असतं, पण त्याचा बाहेरचा कपही याच जागेत बसतो, जागा घाण असेल तर तोही असाच हलणार.

नवीन कप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमधे ठेवा, तेवढ्यानंही बसायला सोपं जातं. बसवायला हातोडीपेक्षा खेचून बसवणं बरं. हार्डवेअरच्या दुकानात १६ मिमीचा आट्याचा लांब रॉड मिळतो, दोन नट आणि दोन जाड पट्ट्या किंवा मोठे वायसर घ्या, रॉड नळीतनं आरपार घाला आणि नट आवळत कप सरळ आत खेचा. कपवर पट्टीचा थेट जोर नको, मधे जुना कप उलटा ठेवा, फक्त त्याची बाहेरची बाजू आधी थोडी घासून घ्या म्हणजे तोच आत अडकून बसणार नाही. मी शेवटचे दोन ठोके मात्र हातोडीनंच मारतो, आवाज ऐकायला. कप अधांतरी असेपर्यंत आवाज 'ठप ठप' असा मेलेला येतो आणि तळाला टेकला की 'टण्ण' असा अख्ख्या फ्रेममधनं येतो, हाताला पण झिणझिणी लागते. पहिल्या तीन वेळा मी तो आवाज ऐकलाच नव्हता. नंतर व्हर्नियरनं चार ठिकाणी खोली मोजा, चारही सारख्या आल्या पाहिजेत.

टी वरचा खालचा कोन तेवढाच महत्त्वाचा. तिथंही रंग लागलेला असतो. टी च्या दांड्यावरनं बरोबर जाणारा पाइपचा तुकडा घेऊन तो कोन सगळीकडनं सारखा ठोकून बसवा, खालचं धूळ-वायसर आधी घालायचं विसरू नका, नाहीतर सगळं परत काढायला लागतं. आपल्याकडच्या पावसात खालचाच कप आधी जातो, कारण चाकानं उडवलेलं पाणी आणि तांबडी माती तिथंच जाते आणि भारही तिथंच जास्त.

छर्रे. खोलतानाच खाली परात ठेवा आणि वरचे-खालचे वेगवेगळ्या वाट्यांत मोजून ठेवा. माझ्या गाडीत वर बारीक २२ आणि खाली जाड २/८ इंची, म्हणजे पाव इंची, १९ होते, तुमच्या गाडीत वेगळे असतील, मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. कपमधे ग्रीसचा जाड थर द्या, त्यात छर्रे एकेक रोवा. सगळे बसल्यावर एका छर्‍यापेक्षा कमी एवढी मोकळी जागा राहिली पाहिजे. जागा दिसते म्हणून एक जास्तीचा कोंबला तर ते एकमेकांना घासतात आणि हँडल खरखरतं. जुने आणि नवे छर्रे मिसळू नका. ग्रीस पाण्यात टिकणारं घ्या आणि कंजुषी करू नका.

आता ॲडजस्टमेंट, बहुतेकांचं इथंच बिघडतं. वरच्या कोनला दाबणारा खाचांचा गोल नट आधी चांगला घट्ट करा, हँडल डावी-उजवीकडं पूर्ण आठ-दहा वेळा फिरवा म्हणजे छर्रे आपापल्या जागी बसतील. मग तो नट पूर्ण सैल करा. मग हलक्या हातानं परत आवळत जा, प्ले जाईल तिथं थांबा. आता वरची प्लेट ठेवून मधला मोठा नट आवळा, पण त्या वेळी शॉकअपचे पाइप धरणारे टी चे खालचे आणि वरच्या प्लेटचे बोल्ट सैल पाहिजेत. ते आधी आवळले तर पाइपच प्लेटला धरून ठेवतात, मधला नट घट्ट लागतो पण कोनवर जोर जातच नाही, आणि रस्त्यावर पहिल्या खड्ड्याला ढिलं. मधला नट आवळल्यावर आट्यांमधला सैलपणा जातो आणि हँडल आधीपेक्षा जरा जड होतं, त्यामुळं परत तपासायचं, बहुतेक वेळा गोल नट चिमूटभर मागं घ्यायला लागतो. हे दोन-तीनदा करायची तयारी ठेवा, एकदम येत नाही.

बरोबर झालंय हे कसं ओळखायचं? चाक अधर, हँडल सरळ, एका बोटानं हलकं ढकललं की ते आपल्या वजनानं शेवटपर्यंत पडलं पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखं, मधे कुठं न अडकता. आणि शॉकअप हलवले तर प्ले शून्य. हे बघताना क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, वायरिंग कुठं ओढतंय का बघा, माझी क्लच केबल चुकीच्या बाजूनं गेली होती आणि डावीकडं हँडल अडायचं ते तिच्यामुळं.

हँडल जास्त आवळलेलं असेल तर आवाज येत नाही, म्हणून लोकांना बरं वाटतं. पण मग गाडी हळू चालवताना सरळ राहत नाही, सारखी इकडं-तिकडं झुलते, गर्दीत तर नकोसं होतं, आणि कपमधे खड्डे पडतात ते वेगळंच. ढिलं असेल तर वेग कमी होताना हँडल थरथरतं. दोन्हीत हात सोडून बघायचा प्रयोग करू नका.

शॉकअप बसवताना दोन्ही पाइप वरच्या प्लेटमधे सारख्या उंचीवर पाहिजेत. तेल दोन्हीत सारखं, मेडिकलमधनं मोठी सिरिंज आणून मोजून घाला, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. सील घालताना पाइपच्या तोंडाला पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावर तेल लावा, नाहीतर सीलची ओठासारखी कड तिथंच कापली जाते आणि मग महिन्याभरात गळायला लागलं की सीलला नावं ठेवतो आपण. चाक लावल्यावर एक्सलचा नट आवळा, टी चे बोल्ट पाइप सरकणार नाहीत एवढे धरा, मग गाडी स्टँडवरनं उतरवा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप सात-आठ वेळा दाबा आणि त्याच्यानंतरच एक्सलजवळचा पिंच बोल्ट, मग टी चे खालचे बोल्ट, मग वरचे पूर्ण आवळा. नळे आपोआप समांतर होतात. उलट्या क्रमानं केलं तर शॉकअप आखडून बसतात, छोटे खड्डे थेट मनगटाला लागतात.

मागं फार काही नाही. चिमट्याचा बोल्ट. ज्या गाड्यांत रबरी बुश असतात, स्प्लेंडरमधे आहेत, तिथं तो बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, वजन पडलेलं असताना शेवटचा आवळायचा, लटकत्या चिमट्यावर आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चेनच्या खुणांवर विसंबून चाक सरळ मानू नका, मागच्या टायरवरनं पुढच्या टायरपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणून बघा. सगळं सरळ असून गाडी एका बाजूला ओढत असेल तर फ्रेम किंवा टी वाकलेली असू शकते, ते घरी सरळ करायच्या नादाला लागू नका.

अजून कोटिंगला फ्रेम देणार असाल त्यांना सांगतो, तिथं सोडून येऊ नका. नळीच्या दोन्ही तोंडात, चिमट्याच्या भोकात आणि इंजिनच्या बोल्टांच्या जागी गरम भट्टीत टिकणारे बूच लावून घ्या. अर्थिंगची वायर बसते ती जागा कोरी ठेवा, नाहीतर लाइट-हॉर्नचे भलतेच प्रॉब्लेम सुरू होतात. आणि चेसिस नंबर. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरसी रिन्यू करताना तो नंबर बघतात, जाड थराखाली तो वाचता येईना झाला की आपणच उभे राहतो ऑफिसात खुलासे देत. कोटिंगच्या आधी फोटो काढा आणि त्या जागेला टेप लावायला सांगा.

जोडल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला आणि मग पाचशेला परत चाक अधर करून तपासा. मी पहिली फेरी जांबोटीवरनं कणकुंबीपर्यंत मारली, तो रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो ते आपल्याला माहीत आहे, परत आल्यावर अंगठा ठेवून बघितलं, काही नाही. पाचशेला गोल नट अगदी किंचित घ्यायला लागला, त्यानंतर आता अठराशे झाले, नट हलवला नाही. फक्त डाव्या शॉकअपला तेलाचा ओलावा दिसतोय. सील नवं आहे पण पाइपवर गंजाचे टाचणीएवढे खड्डे आहेत, नखाला लागतात, त्यावर कुठलंच सील टिकणार नाही, त्यामुळं पाऊस सुरू व्हायच्या आत तो पाइप बदलायचा आहे.